शिल्लक पट्टी

वसमतच्या मोंढ्यासमोर मुजीबचं फ्लेक्सचं दुकान.
हळदीचा हंगाम. मशीनवरसुद्धा पिवळी पूड.
फडकं मारता मारता तो म्हणाला,
"मोठा केला की फुटतो फोटो. आधीच सांगतो."

फोटो तळहाताएवढा.
मी पाचाचा, अक्का चौदाची.
शाळेच्या फॉर्मसाठी माझे फोटो काढायला
तिनं मला औंढ्याहून एसटीनं आणलं होतं.
स्टुडिओवाल्याच्या रोलात छत्तिसावा उरलेला.
"उभे राहा दोघं, रोल धुवायला टाकायचाय."
पुढच्या आठवड्यात फॉर्मच्या फोटोंसोबत
पाकिटातून हाही निघाला.
दोघांचा असा हा एकच.

उजवीकडं भाजल्यासारखी नारिंगी कड,
रोल तिथं संपला; अक्काचं कोपर त्यात गेलंय.
पुढं कितीतरी वर्षं तो काचेला चिकटून होता.
सोडवला तेव्हा माझा उजवा गाल
काचेवरच राहिला.

फ्लेक्सवर दीडशे. कॅनव्हासवर नऊशे, चौकट वेगळी.
मी मोटारी रिवाइंड करतो,
नऊशे म्हणजे तारेचे किती वेढे
ते माझ्या बोटांना विचारा.
तरी म्हणालो, "फ्लेक्स नको.
फ्लेक्सवर वाढदिवस असतो, नाही तर दहावा.
अक्कानं नांदेडला फ्लॅट घेतलाय."

मुजीबनं डोकं खाजवलं, टेप काढला.
"गुरुवारी एका डॉक्टरचे सात घोडे हायत, हॉलसाठी.
रोल साडेचार फुटी, घोडे तीन फूट.
बाजूला दीड फुटाची पट्टी वायाच जाते.
तिच्यात बसवतो तुमच्या अक्काला.
शाईचे तीनशे द्या."

"कड कापू?"
"राहू दे."
"पिवळेपणा?"
"तोबी राहू दे."
"अन् हा गाल? दुसऱ्या बाजूचा उचलून लावू?"
"लाव."

गुरुवारी मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं.
मशीन इकडून तिकडं, तिकडून इकडं,
एका फेरीत सुताएवढी अक्का.
आधी भांग. मग रिबिनी. मग बराच वेळ नुसतं कपाळ.
पलीकडं घोड्यांचे कान, आयाळ, उधळलेली धूळ
तिच्याच वेगानं उतरत होती.
डोळे आले तेव्हा वीज गेली.

इन्व्हर्टर लावून त्यानं पुरं केलं.
जवळून बघितलं तर चेहरा म्हणजे
खळ्यात पसरलेला जोंधळा.
"फुटलाय," मी म्हणालो.
"भिंतीला नाक लावून कोण बघतंय?" मुजीब म्हणाला.

चौकट शेजारच्या सोफावाल्यानं केली,
मोडक्या दिवाणाचं सागवान, पिना त्याच्याच.
शंभर म्हणाला, ऐंशी घेतले.
कॅनव्हास ओढून मागं दुमडला
तर कडेवर एक काळी बट उमटलेली,
सातव्या घोड्याची शेपूट.

नांदेडच्या गाडीत चादरीत गुंडाळून उभा राहिलो.
कंडक्टर म्हणाला, "आरसा हाय का?"
"नाय."
"मग रेला जरा, लोकायला चढू द्या."

तरोड्यात तिसरा मजला. दाराला अजून रंगाचा वास.
वीस वर्षं पोरांची मेस चालवून घेतलेल्या घरात
अक्का पोळ्या लाटत होती, आजही, सव्वाशे.
चादर सोडली.
तिनं आधी मागची बाजू बघितली.
"केवढ्याला पडलं?"
"तीनशे ऐंशी."
"खोटं."
"शेपूट बघ की, घोड्याबरोबर छापलंय."
तिनं शेपूट बघितली. काही बोलली नाही.

मग पिठाच्या हातानं ती जवळ गेली,
आणखी जवळ,
पार नाक टेकेपर्यंत.
"ह्या गालावर तीळ कुठाय तुला?
तुझा तीळ डावीकडं."

आणि पदराचं टोक जिभेला लावून
माझा उजवा गाल
घासून घासून पुसू लागली.